खडपातला हेकरू: नाशिकहून गळ घेऊन निघणाऱ्यांसाठी

गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर, कश्यपीच्या काठाला, दारणेला सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणारी माणसं नाशिकला पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच. कणकेत शेंगदाण्याचा कूट कालवून केलेला गोळा, लवचीक काठी, बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर. रोहू-कटला लागला की दोर सोडायचा, माशाला पळवायचं, दमवायचं आणि मग काठाला आणायचं. पंधरा वर्षं हाताला हीच सवय.

एका डिसेंबरात मुरूडला समुद्राच्या खडकांवर पहिला हेकरू, म्हणजे ग्रुपर मासा, लागला आणि सवयीनं मी रीळ सैल करून त्याला दोर दिला. तीन सेकंदांत तो कपारीत शिरला, दोर कालवांच्या धारेवर घासला आणि तुटला. त्या सकाळी आणखी दोन असेच गेले. शेजारी हातदोरानं गरवत, म्हणजे गळानं मासे धरत, बसलेले एक कोळी काका शेवटी म्हणाले, "भाऊ, याला दोर देऊ नको. त्याचं घर चार हातांवर हाय."

खडपातल्या, म्हणजे समुद्राच्या खडकाळ काठातल्या, माशाचं सगळं गणित त्या चार हातांत आहे. काठी किती जाड, गळ कुठे टाकायचा, उभं कुठे राहायचं, हे सगळं मासा घरात परत जाऊ नये यासाठी ठरतं. धरणावर शिकलेलं बरंचसं इथे विसरावं लागतं, म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतो आहे.

मासा ओळखून घ्या

रायगड-रत्नागिरीकडे हेकरू, सिंधुदुर्गात गोब्रा, हॉटेलच्या मेन्यूवर ग्रुपर. हे घराणं मोठं आहे. काहींच्या अंगावर उभे गडद पट्टे असतात, काहींच्या तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके. तोंड मात्र सगळ्यांचं तेच: रुंद, खालचा जबडा पुढे आलेला. शेपटी गोलसर. गोल शेपटीचा मासा लांब पळणारा नसतो, तो जागच्या जागी झेप घेणारा असतो. हेकरू दिवसभर कपारीच्या तोंडाशी थांबून राहतो. खेकडा, कोळंबी, छोटी बोय समोरून गेली की जबडा उघडतो, पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो आणि वळून पुन्हा घरात. गळ लागलेला असला तरी त्याचा क्रम हाच असतो. आत गेला की कल्ले आणि पंख फुगवून खडकात स्वतःला पाचरीसारखा ठोकून घेतो. मग तुमची काठी कितीही भारी असो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हेकरू जन्माला येतात ते बहुतेक मादी म्हणून, आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे एखाद्या खडपातले सगळे मोठे मासे काढले तर तिथे नरच उरत नाहीत. वाढही सावकाश होते. म्हणून मी एका फेरीत एक, फार तर दोन, आणि तेही मधल्या आकाराचे ठेवतो. अगदी छोटे आणि अगदी मोठे परत सोडतो. महाराष्ट्रात अनेक जातींच्या माशांना पकडण्याची किमान लांबी ठरवून दिलेली आहे, ती यादी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातून घेऊन ठेवा.

या घराण्यातला सगळ्यांत अजस्र मासा, अडीच मीटरपर्यंत वाढणारा महाकाय हेकरू, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता दोर कापून टाका. फोटोचा मोह नको.

त्याच खडपात तांबोशी मिळते, रात्री वाम लागते, शेजारच्या वाळूवर शिंगाळा आणि पाकट असतात. त्यांच्याबद्दल पुढे, कारण शेवटचे दोन काट्यांचे आहेत.

कुठे जायचं

नाशिकहून सगळ्यांत जवळचा समुद्र त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणूचा. मात्र तो किनारा बराचसा चिखलाचा आणि सपाट, पसरट खडकांचा आहे. ओहोटीला पाणी लांब जातं. हेकरूला हवी उभी कपार, पायाशी खोल पाणी. ती रेवदंडा-कोर्लई-मुरूडपासून खाली मिळायला लागते आणि रत्नागिरी, देवगड, मालवणपर्यंत मिळत राहते. मी मुरूडची बाजू धरली ती अंतरामुळे. इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून चारचाकीवाल्यांचा कसारा घाट टळतो. दुचाकीला त्या रस्त्यावर बंदी आहे. पुढे पनवेल, वडखळ, अलिबाग, रेवदंडा. रात्रीचं जेवण करून निघून पहाटे थेट खडकावर उभं राहायचा बेत करू नका. झोप न झालेला माणूस ओल्या कातळावर घसरतो. आदल्या दिवशी दुपारी पोहोचा, झोपा, सकाळी उतरा.

खडक तोच आहे, आपल्या ब्रह्मगिरीचा, अंजनेरीचा काळा बसाल्ट. पण किल्ले चढून आलेल्या नाशिककराला तो ओळखीचा वाटतो आणि तिथेच चूक होते. समुद्राचा कातळ तीन पट्ट्यांत असतो. वरचा कोरडा, करडा. त्याखाली काळा, गुळगुळीत, बारीक शेवाळाचा. त्याखाली कालवं आणि शिंपल्यांचा, खरखरीत. कालवांवर पाय घसरत नाही, पण पडलात तर कापून निघता. काळ्या पट्ट्यावर पाय ठेवूच नका, बूट कितीही भारी ट्रेकिंगचा असो. पाणी कुठवर चढतं हे तो पट्टाच सांगतो. तुमची उभं राहायची जागा त्याच्या वर, कोरड्यात हवी.

पावसाळ्यात हा विषयच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, आणि खडकावरून गरवणाऱ्याला बंदी नसली तरी त्या समुद्रासमोर उभं राहणं म्हणजे जीव देणं. नारळी पौर्णिमेनंतरही लगेच धावू नका. गढूळ पाणी निवळायला ऑक्टोबर उजाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे माझ्या मते खरे महिने.

तिथीवरून भरती काढा

मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, ते पाहाच. पण कोकणातला जुना हिशोब शिकून घेतला तर घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनच बेत आखता येतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. षष्ठीला सहाचे पाऊण म्हणजे साडेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांना लागू. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. मुंबई-रायगडला हे पाव-अर्ध्या तासाच्या फरकानं जुळतं. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी येते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जोरात असते. मुंबईच्या बाजूला तेव्हा चढ-उताराचा फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो. अष्टमीनंतरचे दिवस भांगाचे. पाण्याला ओढ कमी, थांबतं पाणी जास्त वेळ. हेकरू ओढीच्या पाण्यात घराबाहेर फारसा येत नाही, पाणी मंदावलं की येतो. म्हणून नवख्यानं भांग धरावा.

आता हे जुळवून पाहा. दशमीला भरती सकाळी साडेसातला. हिवाळ्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणजे उजाडता उजाडता खडकावर जायचं, पाणी भरून थांबलेलं मिळतं, आणि मग ओहोटीचे पहिले दोन तास गरवता येतात. उतरत्या पाण्यात परतीची वाट उघडी होत जाते, बंद होत नाही. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, लाटा दबलेल्या. दुपारनंतर खारा वारा वाढतो आणि तोच खडक वेगळा होतो. सुरुवातीच्या वर्षात मी नवमी, दशमी, एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी गेलोच नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

पहिली फेरी गळाशिवाय

हे कुणाला पटत नाही. तीनशे किलोमीटरच्या आसपास जायचं आणि गळ टाकायचा नाही? पण मला सगळ्यांत जास्त उपयोग याच फेरीचा झाला. द्वितीया-तृतीयेला जा. भरती दुपारी दीड ते सव्वादोन, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी आठच्या आसपास, चांगल्या उजेडात आणि उधाणाची. जे एरवी पाण्याखाली असतं ते उघडं पडतं. मोबाइलवर फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत वरचा एखादा कायमचा दगड किंवा झाड येऊ द्या. भरतीला जागा पुन्हा सापडायला तीच खूण लागते.

पाहायचं काय? आडवी भेग जिच्या खाली सावली आहे. मोठा सुटा धोंडा जो वाळूवर बसलाय आणि एका बाजूनं पोखरलाय. खडक संपून वाळू सुरू होते ती कड. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अशी कपार, जिच्यासमोर चार-पाच हात मोकळी जागा आहे. चहूबाजूंनी कपारींनी भरलेली जागा माशाला उत्तम, पण तिथून मासा वर येत नाही. मोकळ्या अंगणाचं घर शोधा.

मग मागे वळून पाहा. भरतीला हा खडक बेट होतो का? वाटेत एखादी चर आहे का जी आधी भरेल? मासा लागला तर तो वर घ्यायचा कुठून? उतरती, लाटेनं न धुतली जाणारी पायरी नसेल तर जागा कितीही सुंदर असो, सोडून द्या. वरती सपाट खडकावर बसून वीस मिनिटं नुसत्या लाटा पाहा. दर काही मिनिटांनी एक लाट बाकीच्यांपेक्षा मोठी येते. ती कुठवर आली ते मनात ठेवा. कोकणच्या खडकांवर जी माणसं गेली, त्यातली पुष्कळ त्या एका लाटेनं नेली.

सामान

धरणाची लवचीक काठी घरीच ठेवा. इथे नऊ ते दहा फुटी, जाड, टोकाला कडक काठी लागते. लांबी दोर पुढच्या कड्यापासून लांब ठेवण्यासाठी, कडकपणा मासा उचलण्यासाठी. रीळ ६००० ते ८००० मापाचं, मजबूत ड्रॅगचं, म्हणजे सुटणाऱ्या दोराला अडवणाऱ्या ब्रेकचं. मुख्य दोर ५० पौंडी वेणीचा. वेणीचा दोर ताणत नाही, म्हणून मासा कळतोही लवकर आणि उचललाही जातो लवकर. पण खडकाला तो क्षणात कापला जातो. त्यामुळे पुढे एक वावभर, म्हणजे सहा फूट, ८० पौंडी जाड तंगूस हवाच. दोन्ही जोडायला दुहेरी युनी गाठ पुरते. घरी पन्नासदा बांधून पाहा, ओल्या हातांनीही.

ड्रॅग किती आवळायचा हे अंदाजानं ठरवू नका. बॅग तोलायचा स्प्रिंगचा काटा घ्या, दोर त्याला अडकवा आणि ओढा. ५० पौंडी दोराला सात किलोवर ड्रॅग सरकला पाहिजे, त्याआधी नाही. धरणावर आपण एक-दीड किलोवर ठेवतो. फरक हाताला लागलीच कळतो.

पुढची मांडणी अशी. तंगुसाच्या टोकाला तीन कड्यांचं स्विव्हल, म्हणजे दोराला पीळ पडू न देणारी फिरती जोडणी. एका कडीला मुख्य तंगूस. दुसऱ्या कडीला दीड फूट जाड तंगूस आणि गळ. तिसऱ्या कडीला एक फूट अगदी कच्चा, १० पौंडी दोरा आणि त्याला वजन. खडपात अडकतं ते बहुतेक वजनच. ते अडकलं की कच्चा दोरा तुटतो, गळ आणि मासा तुमच्याकडे राहतात. आता ज्या वजनाला असं गमवायचंच आहे त्याला शिसं कशाला? समुद्रात शिसं टाकणं बरंही नाही. सातपूर-अंबडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये जुने स्पार्क प्लग डबाभर पडलेले असतात, मागितले की देतात. एक प्लग साधारण पन्नास ग्रॅमचा, शांत पाण्यात एक पुरे, ओढ असेल तर दोन.

गळ आत वळलेल्या टोकाचा, सर्कल हुक, ६/० ते ८/०. हा गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. सोडून द्यायचा मासा जिवंत सोडता येतो, म्हणून मी दुसरा वापरतच नाही.

बाकी: लांब दांड्याची जाळी, पक्कड, जाड हातमोजे, दोर कापायची कात्री, बर्फाची पेटी, शिटी, प्यायचं पाणी, आणि अंगात लाइफ जॅकेट. पोहता येत असलं तरी जॅकेट. गोदावरीत पोहणं आणि लाटेत खडकाशेजारी पोहणं यांचा काही संबंध नाही.

आमिष

कणीक इथे चालत नाही. सर्वांत चांगला छोटा जिवंत खेकडा, ओहोटीला दगडाखाली मिळतो. मागच्या पायाच्या सांध्यातून गळ घालायचा, मोठी नांगी काढून टाकायची म्हणजे तो कपारीला धरून बसत नाही. त्यानंतर माकूल, म्हणजे स्क्विड. चामड्यासारखं असतं, छोटे मासे टोचून टोचून काढू शकत नाहीत. बोटाएवढी लांब पट्टी कापा, एका टोकाला एकदाच टोचा, लोंबती राहू द्या. तारली आणि बांगड्याचे तुकडे वासाला उत्तम, पण मऊ, दोन मिनिटांत गळतात. थोडं खडेमीठ लावून तासभर ठेवले तर घट्ट होतात. आमिष नाशिकहून नेऊ नका. किनाऱ्यावर सकाळी बोटी लागतात तिथे मावशींकडून ताजं घ्या, आणि घेताना विचारा की सध्या काय लागतंय. त्या नेमकं सांगतात.

गळ टाकल्यापासून मासा वर येईपर्यंत

लांब फेकू नका. नाशिकहून आलेला प्रत्येक जण आधी क्षितिजाकडे फेकतो, मीही फेकलं. हेकरू तुमच्या पायाखाली आहे. फोटोतली कपार आणि तिच्यासमोरचं अंगण आठवा आणि गळ अंगणात, कपारीपासून दोन-तीन हात बाहेर सोडा. कपारीत सोडू नका. त्याला घराबाहेर यायला लावायचं आहे. बाहेर आलेला प्रत्येक हात तुमच्या बाजूचा.

वजन तळाला टेकलं की दोर ताठ करा. काठी हातातच ठेवा, खडकात रोवून बसू नका. टोक खाली, पाण्याकडे. दर मिनिटाला वीतभर उचलून परत टेकवा, आमिष हललं पाहिजे. दहा मिनिटांत काही नाही तर चार हात बाजूला. हेकरू घरी असेल तर लवकर कळवतो. एका जागी दोन तास बसणं ही धरणाची रीत.

आधी टकटक होते. ती छोट्या माशांची, तिकडे लक्ष देऊ नका. हेकरूची खूण वेगळी. एक जड धक्का आणि लगेच काठी वाकायला लागते. या क्षणी काठीला झटका मारायचा नाही. झटक्यानं सर्कल हुक तोंडातून निसटतो. टोक खालीच ठेवून रीळ भराभर फिरवा, दोर ताठ झाला की पाय रोवून काठी एका लयीत वर घ्या आणि घेतच राहा. ड्रॅगला हात लावायचा नाही. काठी खाली आणताना रीळ फिरवत आणायची, दोर एक बोटही सैल पडता कामा नये. पहिले पाच सेकंद असे गेले, मासा तळापासून दोन वाव वर आला, की तो तुमचा. त्यानंतर तो फारसा झगडत नाही. आता घाई नको. लाट चढताना तिच्याबरोबर मासा पायरीवर येऊ द्या, लाट उतरली की जाळी लावा. माशासाठी खाली, ओल्या पट्ट्यात उतरायचं नाही. हातचा गेला तर जाऊ द्या.

आणि कपारीत शिरलाच तर? ओढत बसू नका. ओढलं की तो आणखी फुगतो. दोर पूर्ण सैल सोडा, दोन-तीन वाव, आणि पाच मिनिटं थांबा. ओढ गेली की पुष्कळदा तो पंख मिटून बाहेर डोकावतो. दोर सरकताना दिसला की तत्क्षणी ताठ करून उचला. दुसरा उपाय काकांनी दाखवला: दोर ताठ धरायचा आणि बोटानं तारेसारखा छेडत राहायचा. त्या थरथरीनं कधी कधी मासा हलतो. दोन्ही करून नाही आला तर हाताला फडकं गुंडाळून सरळ ओढा आणि तोडा. काठीनं तोडायला गेलात तर काठी मोडेल.

बुडालेल्या बोटींवर

खडकावर दोन हंगाम काढल्याशिवाय बोटीनं बाहेर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्रतळाच्या सपाट चिखलात पडलेलं जुनं जहाज म्हणजे हेकरूसाठी गावच. पण त्या जागा तांडेलांच्या, म्हणजे मासेमारी बोटींच्या प्रमुखांच्या, असतात, पिढ्यांनी राखलेल्या. अनेकदा जाळी अडकून फाटल्यावर कळलेल्या. कुणी विश्वासानं नेलं तर मोबाइलवर त्या जागेची खूण घेऊन येऊ नका.

पर्यटकांना न्यायची परवानगी असलेलीच बोट घ्या, प्रत्येकाला जॅकेट आहे का ते निघण्याआधी मोजा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभ्यात गळ टाकायचा नाही.

बोट जहाजाच्या बरोबर वर लावत नाहीत. ओढ जिकडून येते त्या बाजूला नांगर टाकून दोर देत देत मागे यायचं, म्हणजे आमिष वाहत जहाजाच्या कडेला जातं आणि लागलेला मासा जहाजापासून दूर ओढला जातो. चार हातांचा हिशोब इथेही तोच. वजन दीडशे ते तीनशे ग्रॅम. तळाला टेकलं की लगेच अर्धा वाव वर उचलून धरा. गंजलेला पत्रा कालवांपेक्षा वाईट कापतो, म्हणून जाड तंगूस १०० पौंडी घ्या.

खोलातून वर आलेल्या हेकरूची हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून बाहेर दिसतं. सोडला तर पाण्यावर उलटा तरंगत राहतो. ते पोट टोचू नका. वजन बांधलेल्या क्लिपनं खालचा ओठ धरून माशाला पुन्हा खोल न्यायचं आणि तिथे झटका देऊन सोडायचं, दाबानं पिशवी पूर्ववत होते. ही तयारी नसेल तर खोल पाण्यात 'पकडून सोडू' असं म्हणूच नये. दोन मासे झाले की गळ गुंडाळावा.

प्रत्येक बुडालेली बोट गरवायची जागा नसते. जून २०२० च्या निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्याला येऊन लागलेल्या बसरा स्टारसारखी, लाटांच्या तडाख्यात पडलेली जहाजं जवळ जाण्याजोगी नसतात. आणि १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ बुडालेल्या रामदास बोटीत सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या पाण्यात मी गळ टाकत नाही.

काटे आणि विष

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात, पाकटाच्या शेपटीवर असतो. दोन्ही विषारी. हे मासे हातात न धरता पक्कडीनं गळ काढा, किंवा दोर कापा. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या, धड हातानं तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. काटा आत मोडला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल, तर थेट दवाखाना. थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याची सवय मला यामुळेच लागली.

फुग्यासारखा फुगणारा केंड मासा कधीही खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

खडकावर एकटं जायचं नाही. समुद्राला पाठ करायची नाही, गाठ बांधतानाही नाही. कुणी पाण्यात पडलं तर मागून उडी न टाकता दोर किंवा रिकामी बंद पेटी फेका. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, किनारी सुरक्षेचा १०९३, आणि ११२ तर आहेच.

नाशिकपर्यंत मासा ताजा

ठेवायचा मासा डोक्यावर एक नेमका फटका देऊन लगेच मारावा, तडफडत ठेवू नये. कल्ल्याखाली चीर देऊन रक्त जाऊ द्या, आतडी आणि कल्ले तिथेच काढा. मग बर्फ. जेवढं माशाचं वजन तेवढाच बर्फ, बारीक फोडून, पोटातही भरून. बर्फात थोडं समुद्राचं पाणी घातलं की मासा लवकर गार होतो. परतीच्या सात-आठ तासांत पेटी उन्हात नाही, सीटखाली ठेवा, आणि शहापूरच्या चहाच्या थांब्यावर उघडून पाहण्याचा मोह टाळा. घरी तुकडे तळायला आणि डोकं रश्शाला. हेकरूच्या डोक्याचा रस्सा आमच्याकडे काळ्या मसाल्यात होतो. कोकणातल्या मित्रांना ते पटत नाही, पण घट्ट मांसाच्या माशाला तो मसाला पेलतो.

त्याच रात्री रीळ आणि काठी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवा. जाड तंगुसाचा शेवटचा वावभर बोटांतून ओढून पाहा, कुठे खरबरीत लागलं तर कापून टाका. मग वही. माझ्या वहीतली मागच्या हिवाळ्यातली एक नोंद अशी आहे: माघ शुद्ध दशमी. भरती साडेसात, मतलई, पाणी निवळ. पोखरलेला धोंडा, डावं अंगण. माकूल गेलं, खेकडा चालला. तीन लागले, एक कपारीत गेला, एक वीतभराचा सोडला, एक दीड किलोचा घरी.